परसबागेसाठी फोर्क घेताना

आठ-नऊ महिने जपलेली हळद काढायला बसावं आणि कुदळीचा घाव नेमका गड्ड्यावरच पडावा, हा अनुभव परसबाग करणाऱ्या कितीजणींना असेल! चिरलेला गड्डा साठवणीत लवकर कुजतो आणि शेजारच्या चांगल्यांनाही लावतो. हळद, आलं, रताळी असली कंदांची पिकं घेणार असाल, तर चार दातांचा फोर्क घराला हवाच.

तो घ्यायला यजमानांना एकटं पाठवू नका, स्वतः जा. कारण उंची तुमची मोजायची आहे. फोर्क जमिनीवर उभा केला की मूठ कमरेच्या वर, कोपराच्या जरा खाली यावी. आखूड दांड्याने वाकून वाकून कंबर धरते. ७ इंच रुंदीचा मोठा फोर्क मातीसकट उचलताना खांदे भरून येतात. साडेपाच इंची हलका मिळतो, तोच बघा. इंग्लंडात त्याला ‘लेडीज फोर्क’ असंही म्हणतात. नाव काही असो, पुरुषांच्या पाठीलाही तो मानवतो!

चकचकीत रंगाला भुलू नका, रंगाखाली जोड लपतात. दाते एकाच लोखंडातून ठोकून काढलेले हवेत. नुसते वेल्डिंगने चिकटवलेले कडक जमिनीत जोडावरच सुटतात. दांडा हलवून पाहा. जरा जरी खुळखुळला, तरी परत ठेवा. लाकडी दांड्याला मध्येच गाठ नको.

आता वापर. काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते, म्हणून वाफशावरच खणा. पायांत बूट घाला, नुसती चप्पल नको. रोपापासून वीतभर लांब, फोर्क सरळ उभा धरून पायाने दाबा. मग दांडा हळूच मागे रेलला की माती आपोआप फुगते आणि गड्डे हातांनी अलगद निघतात. ओढाओढ मुळीच नको. मोठा दगड लागला तर तो फोर्कने उचकटू नका, दाता वाकतो. त्या कामाला पहार.

काम झालं की माती धुऊन, कोरडं पुसून दात्यांना तेलाचा हात द्या, विशेषतः पावसाळ्यात. दांड्याला वर्षातून एकदा जवसाचं तेल चोळा.

बाग फक्त गॅलरीतल्या कुंड्यांची असेल तर मात्र हा खर्च करूच नका. तिथे तीन दातांचा हातातला छोटा फोर्क पुरे.