तळवे झोंबतात? अंगावर काढू नका

कॅन्सरच्या औषधांनी केस गळतात, हे सर्वांना माहीत असते. तळव्यांच्या त्रासाबद्दल मात्र घरात फारसे बोलले जात नाही. स्तनाच्या व आतड्याच्या कॅन्सरवर कॅपेसिटाबीनच्या गोळ्या देतात. त्यांनी काही रुग्णांचे तळहात-तळपाय लाल होतात, झोंबतात, सोलतात. चहाचा कप धरणेही जड जाते. हा त्रास संसर्गाचा नाही. रुग्णाचा हात हातात घ्यायला घरच्यांनी कचरू नये.

दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी 264 रुग्णांवर यासंबंधी अभ्यास केला. सुमारे निम्म्यांना सांधेदुखीवर वापरतात ते डायक्लोफिनॅक जेल, उरलेल्यांना औषध नसलेले जेल दिवसातून दोनदा लावायला दिले. औषधाच्या गटात मध्यम ते तीव्र त्रास 3.8 टक्के, तर दुसऱ्या गटात 15 टक्के रुग्णांना झाला. हे निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले.

तरीही जेल मनाने लावू नका; आपल्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. कढत पाणी आणि घट्ट चपला टाळा. तळवे दुखू लागले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना कळवा. गोळ्यांची मात्रा कमी करता येते. सोसत राहिल्याने उपचारच अर्धवट सुटण्याची भीती असते.