नंबर दिसला पाहिजे

सकाळी ८.३०
दवाखाना उघडला की नंबर लावून घेणाऱ्या आमच्या ताई आधी बाहेरचा फळा पुसतात. आत कितवा नंबर चालू आहे, एवढंच त्यावर लिहायचं. आमच्याकडे नंबर पुकारतात आणि लिहितातही. फळा नव्हता तेव्हा कर्णबधिर पेशंट दाराकडे टक लावून बसायचा आणि मागून आलेले दोघं-तिघं त्याच्या आधी आत जाऊन यायचे. दाराशी रॅम्पही आहे. तो बघून लोक म्हणतात, “मॅडम, दिव्यांगांची छान सोय केलीत.” रॅम्पने पेशंट आत येतो हे खरं. आत आल्यावर त्याला काय होतंय ते मला कळायचं असतं, आणि तिथे सिमेंट-वाळूचा उपयोग नाही.

९.१५
आजोबांना ऐकायला कमी येतं, म्हणून सूनबाई कानाशी ओरडतायत. वयाबरोबर ऐकणं कमी होतं तेव्हा बहुधा वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. स, श, फ ही अक्षरं निसटतात आणि ‘साठ’चा ‘आठ’ होतो. ओरडून स्वर तेवढे मोठे होतात, आणि ते तर आजोबांना आधीच ऐकू येत होते. आधी कानात मळ आहे का ते बघितलं. मग पंखा बंद केला, मास्क काढला, तोंडावर उजेड येईल अशी बसले. तरी जमेना, तेव्हा स्टेथोस्कोप त्यांच्या कानात घातला आणि छातीवर ठेवायच्या चकतीत हळू आवाजात बोलले. आजोबा दचकले, मग हसले. “आता कसं!” म्हणाले.

१०.३०
आता येणाऱ्या काकांच्या नावापुढे ताईंनी दोन नंबरांची जागा सोडून ठेवली आहे. पक्षाघातानंतर त्यांना वाचाघात झाला. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की बऱ्याचदा असं होतं: बुद्धी शाबूत, समोरच्याचं बरंचसं समजतं, पण शब्द जिभेवर येत नाही. मी विचारते काकांना, उत्तर येतं काकूंकडून. त्यात काकूंचा दोष नाही, घरी दिवसभर त्याच बोलत असतात. म्हणून काकांची खुर्ची माझ्या टेबलाला लागून आणि काकूंची त्यांच्या मागे ठेवलीय.

एका वेळी एकच प्रश्न. समोर कागद, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’. “दुखतंय?” ‘हो’वर बोट. थोड्या वेळाने उलटं विचारायचं, “दुखत नाही ना?” पुन्हा ‘हो’ आलं तर पहिलं उत्तरही धरायचं नाही. “किती दिवस झाले?” आकडा येईना. काकांनी डोळे मिटले, बोटाने टेबलावर ठेका धरला, “एक, दोन, तीन, चार”, आणि थांबले. चार दिवस! सुटा आकडा सापडत नाही, पण ओळीने मोजणं अनेकांचं शाबूत राहतं. मी फक्त गप्प बसायचं असतं, आणि डॉक्टरला तेच सगळ्यात अवघड जातं.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यातल्या २१ प्रकारांत वाचा-भाषा दिव्यांगत्वही आहे. सरकारी आणि खाजगी, दोन्ही रुग्णालयांत अडथळ्याविना प्रवेश आणि तपासणीत अग्रक्रम मिळण्याची व्यवस्था सरकारने करावी, असं कलम २५ सांगतं. अग्रक्रमाला माझी ना नाही, पण काकांना लवकर नंबर मिळून उपयोग नाही, लांब नंबर मिळायला हवा. तपासणी फी काकांची आणि इतर पेशंटची सारखीच, त्यामुळे हा जादा वेळ आधीच वहीत मांडून ठेवला नाही तर गर्दीत तो निघत नाही.

१२.००
‘फोन करून नंबर लावा’ ही पाटी बऱ्याच दवाखान्यांत असते. अडखळत बोलणाऱ्याला किंवा स्वरयंत्र काढलेल्याला ती बंद दारासारखीच. आमच्या पाटीवर ‘किंवा मेसेज करा’ असं जोडलंय.

५.३०
कर्णबधिर मुलगी, नवीन लग्न झालेली, सोबत सासूबाई. सासूबाईंना चहा पाजायला ताईंनी बाहेर नेलं. हे आमचं ठरलेलं आहे. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था २०१५ पासून आहे, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून. तालुक्याला मात्र दुभाषा मिळत नाही. लिहून विचारावं, तर मराठी लेखी वाक्यं प्रत्येकीला सहज वाचता येतात असंही नाही, कारण सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं. हिला येतात. छोटी वाक्यं, कॅलेंडर, शरीराचं चित्र यावर भागलं. पाळीची तारीख तिने दाखवली ती सासूबाईंनी सांगितलेल्या तारखेहून वेगळी होती. पुढचं माझ्या केसपेपरवर राहील.

७.००
स्वमग्न मुलगा वडिलांबरोबर बाहेर रिक्षात थांबतो, नंबर आला की ताई मिस्ड कॉल देतात. टॅबवर ‘जेलो’ आहे, आयआयटी मुंबईत तयार झालेलं, चित्रांवर बोट ठेवून बोलायचं अ‍ॅप. आज तो चित्रांनाही हात लावेना, नुसता गालावर मारून घेत होता. “वागणं बिघडलंय,” वडील म्हणाले. अशा वेळी स्वमग्नतेवर खापर फोडून मोकळं व्हायचं नाही; कान, दात, पोट आधी बघायचं. दाढ किडलेली निघाली.

८.३०
दिवसाचं शेवटचं काम केसपेपरचं. वरच्या कोपऱ्यात लाल शाईने: ‘उजव्या कानाशी बोला’, ‘लिहून विचारा’, ‘दोन नंबरांचा वेळ द्या’. पुढच्या खेपेला माझ्याऐवजी दुसरा डॉक्टर बसला तरी अडू नये.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर नंबर लावतानाच तसं सांगा आणि केसपेपरवर लिहूनच घ्या. आत गेल्यावर पहिलं उत्तर मात्र त्यांना देऊ द्या.