धुऊन टाकायचं औषध

मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीला स्वतःची चरबी तयार करता येत नाही. २००७ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या संशोधकांनी तिच्या ‘ग्लोबोसा’ या जातीचा संपूर्ण जीनोम वाचून प्रसिद्ध केला. सुमारे ९० लाख अक्षरांच्या त्या मजकुरात ४,३००च्या आसपास जनुकं सापडली, पण फॅटी ॲसिड जोडून तयार करणाऱ्या एन्झाइमचं जनुक काही केल्या सापडेना. तयार चरबी फोडणाऱ्या लायपेझ एन्झाइमांची जनुकं मात्र भरपूर होती. म्हणजे या बुरशीला जगायचं तर तेल आयतं मिळेल अशीच जागा गाठावी लागते. माणसाचं डोकं ही तशी जागा आहे. केसाकेसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी, वर केसांची सावली, आणि ऊब बारमाही. (शाम्पू विकणाऱ्या कंपनीने कोंड्याच्या बुरशीचा जीनोम वाचावा यात स्वार्थ आहेच. काम मात्र चोख झालं.)

कोंडा न झालेल्यांच्या डोक्यावरही ही बुरशी असते. जन्मानंतर लवकरच ती आईकडून आणि आसपासच्या माणसांकडून बाळाच्या कातडीवर येते आणि मग आयुष्यभर सोबत राहते. त्यामुळे एकाचा कंगवा दुसऱ्याने वापरला म्हणून कोंडा लागत नाही; जे लागायचं ते केव्हाच लागून झालेलं असतं. तिची आणि तिच्या सग्यासोयऱ्यांची जनुकीय खूण समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांजवळ, प्रवाळांत आणि अंटार्क्टिकाच्या मातीतही सापडली आहे. तिथे ती काय खाऊन राहते हा वेगळाच विषय झाला. आपल्याकडे ती सीबम खाते. सीबम म्हणजे कातडीतून पाझरणारा तेलकट स्राव. वयात येताना तो वाढतो, म्हणून कोंड्याची तक्रार सहसा त्याच वयात सुरू होते. तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळट, चिकट खपल्या धरतात त्याही आईच्या संप्रेरकांच्या प्रभावाखाली बाळाच्या तेलग्रंथी काही काळ जागवल्या गेल्यामुळे, असं मानलं जातं.

बुरशी सीबम फोडते, तिला हवी ती फॅटी ॲसिडं उचलते आणि बाकीची डोक्यावरच टाकून देते. या उष्ट्यात ओलेइक ॲसिड असतं. ज्यांना कोंड्याची खोड आहे अशांच्या डोक्यावर संशोधकांनी नुसतं ओलेइक ॲसिड लावलं, तर पापुद्रे सुटू लागले. ज्यांना कोंडा होत नाही त्यांच्या डोक्यावर तेवढंच लावलं, तर काहीही झालं नाही. बुरशी सर्वांकडे, तेल सर्वांकडे, मग कोंडा काहींनाच का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. काहींच्या कातडीला हे उष्टं सोसत नाही. ती चिडते, खाजते आणि घाईघाईने नव्या पेशी तयार करून वर ढकलू लागते. एरवी वरच्या थरातल्या मेलेल्या पेशी सुट्या सुट्या गळतात आणि आपल्याला दिसतही नाहीत. घाईने तयार झालेल्या पेशी एकमेकींपासून नीट सुटत नाहीत. शेकडोंनी चिकटून त्या एकत्र गळतात, तेव्हा खांद्यावर पांढरं काही पडलेलं दिसतं. तांबूसपणा आणि चिकट खवले वाढून भुवया, नाकाच्या कडा, कानामागची जागा असं क्षेत्र व्यापलं गेलं, की डॉक्टर त्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. कोंडा हे त्याचंच सौम्य रूप.

बुरशीवरचा हा आरोप सिद्ध व्हायला शंभरावर वर्षं लागली. फ्रान्समध्ये लुई-शार्ल मालासे यांनी १८७४ साली कोंड्याच्या पापुद्र्यांत हे गोल, अंडाकृती जीव पाहून त्यांच्याकडे बोट दाखवलं. बुरशीला आज त्यांचंच नाव आहे. पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ रेमों साबुरो यांनीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोच संशय घेतला. पण प्रयोगशाळेत ही बुरशी वाढेना. बुरशी वाढवण्यासाठी जगभर आजही जे माध्यम वापरतात ते साबुरोंच्याच नावाने ओळखलं जातं, आणि नेमकी त्यांच्या संशयातली बुरशी त्या माध्यमावर उपाशी मरते, कारण त्यात तेल नसतं. १९३९ साली ऱ्होडा बेनहॅम यांनी तिला स्निग्ध पदार्थ लागतात हे दाखवून दिलं. तेव्हापासून प्रयोगशाळांत तिच्या बशीवर ऑलिव्ह तेल ओतलं जाऊ लागलं.

तरीही वाद मिटला नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेतले वजनदार त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी म्हणत होते, की कोंड्याचं मूळ पेशींच्या वाढीव वेगात आहे. बुरशी त्या पापुद्र्यांवर पोसते, इतकंच. ते म्हणणं बराच काळ टिकलं. १९८४च्या सुमारास इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे सॅम शुस्टर यांनी ते उलटवलं. किटोकोनॅझोल हे बुरशीनाशक पेशींचा वेग कमी करण्यासाठी बनवलेलं नाही. त्याने सेबोऱ्हिक डर्मटायटिस ओसरतो, तर मूळ कारण बुरशीच असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. कोंड्यावर चालणारी एकमेकांशी रसायन न जुळणारी औषधं एकाच बाबतीत सारखी आहेत, ती सगळी या बुरशीला आवरतात, हेही त्यांनी दाखवलं. मला विचाराल तर क्लिगमन अगदीच चुकले नव्हते. कातडीचा स्वभाव या आजारात निम्मा वाटेकरी आहेच.

आता औषधांकडे. गंमत अशी, की सगळं पक्कं ठरायच्या आधीच ती बाजारात आली होती.

सेलेनियम सल्फाइडचा ‘सेल्सन’ १९५१ साली अमेरिकेत आला. तो बुरशी मारतो आणि पेशींचा वेगही कमी करतो. वास उग्र, चांदीचे दागिने काळे पडू शकतात म्हणून ते काढून ठेवायचे, रंगवलेल्या केसांचा रंगही बदलू शकतो. कोकणातल्या दमट हवेत छातीपाठीवर उठणारी शिबं याच मॅलॅसेझियामुळे होतात, म्हणून हा डोक्याचा शाम्पू डॉक्टर कधीकधी अंगालाही लावायला सांगतात. कोलटारचा शाम्पूही जुना. त्याचा वास आणि डाग सोसायची तयारी असणाऱ्यांनाच तो मानवतो. सॅलिसिलिक ॲसिडचं काम वेगळं: ते चिकटलेले खवले सैल करतं, म्हणजे बाकीच्या औषधाला कातडीपर्यंत वाट मिळते.

या सगळ्यांत खरं नवल झिंक पायरिथिऑनचं. सुमारे दहा वर्षं खपून प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९६१ साली ते ‘हेड अँड शोल्डर्स’मध्ये आणलं. अडचण मुळातच विचित्र होती. शाम्पूचं काम धुऊन काढायचं आणि औषधाचं काम टिकून राहायचं. दोन्ही एकाच बाटलीत, आणि शेवटी वरून तांब्याने पाणी ओतायचंच. झिंक पायरिथिऑन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेच कामाला आलं. त्याचे अतिसूक्ष्म, चपटे कण शाम्पूत तरंगत ठेवतात. सोबत धन विद्युतभाराचा एक पॉलिमर घालतात. बाटलीत तो साबणी द्रव्यांबरोबर गुपचूप राहतो. डोक्यावर पाणी पडून शाम्पू पातळ झाला, की त्या दोघांचा मिळून चिकटसर साका तयार होतो. तो कातडीवर आणि केसांवर बसतो आणि जाताजाता औषधाचे कण धरून ठेवतो. म्हणजे धुण्याच्या पाण्यानेच औषध डोक्यावर बसतं! एरवी मळ घेऊन जाणारं पाणी इथे वाटाड्याचं काम करतं.

हे कण बुरशीला मारतात कसे, हे मात्र पन्नास वर्षं नीट उमगलं नव्हतं. औषधाच्या नावात जस्त आहे. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं ते तांब्याचं काम. पायरिथिऑन आजूबाजूचं तांबं बुरशीच्या पेशीत शिरवतं, आणि ते तांबं तिच्यातली लोह-गंधकाची प्रथिनं बिघडवतं.

किटोकोनॅझोल बेल्जियममधल्या यान्सन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात तयार झालं. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल लागतं, माणसाच्या पेशीला कोलेस्टेरॉल. हे औषध एर्गोस्टेरॉलची घडण मध्येच अडवतं. गोळीच्या रूपात ते यकृताला जड जातं. २०१३ साली युरोपच्या औषध नियामकांनी बुरशीच्या आजारांसाठी त्या गोळ्या थांबवण्याची शिफारस केली आणि अमेरिकेनेही त्यांच्यावर कडक मर्यादा घातल्या. शाम्पूतून ते रक्तात जवळजवळ उतरत नाही, म्हणून त्याच औषधाची बाटली निर्धास्त वापरता येते. केमिस्टकडे मिळणाऱ्या पांढऱ्या-गुलाबी खोक्यांवर बहुधा ‘२ टक्के’ असं लिहिलेलं असतं.

किटोकोनॅझोल आणि झिंक पायरिथिऑन या दोघांत सरस कोण? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तीव्र कोंड्याच्या रुग्णांवर ४ आठवडे दोन्ही शाम्पू वापरून पाहिले. किटोकोनॅझोल २ टक्के वापरणाऱ्यांत सुधारणा ७३ टक्के, झिंक पायरिथिऑन १ टक्का वापरणाऱ्यांत ६७ टक्के. फरक आहे, पण महागड्या बाटलीवर जीव टाकावा इतका नाही.

मग कोंडा हट्टी का ठरतो? बहुतेक वेळा औषध चुकीचं नसतं, वापर चुकीचा असतो. नेहमीच्या शाम्पूची सवय अशी, की पुडी फोडली, केसांना फेस आणला, लगेच पाणी. औषधी शाम्पू केसांना नव्हे, डोक्याच्या कातडीला लावायचा असतो. लांब केस असतील तर भांग पाडत पाडत बोटांनी कातडीपर्यंत पोचवायचा आणि ३ ते ५ मिनिटं तसाच ठेवायचा. बादलीतलं गरम पाणी निवत असताना ही पाच मिनिटं फार लांब वाटतात, हे खरं. आठवड्यातून दोनदा, असे २ ते ४ आठवडे. आपल्याकडे डोक्यावरून आंघोळ करायचे वार ठरलेलेच असतात, त्यामुळे हा नेम पाळणं तसं अवघड नाही.

डोक्याला तेल चोपडायच्या सवयीचं काय? तेलाने कोंडा कमी झाल्यासारखा वाटतो, कारण पापुद्रे केसांना चिकटून बसतात आणि खांद्यावर पडत नाहीत. कोंडा असतोच. उपचार चालू असताना तेल रात्रभर मुरवत ठेवू नये, असं बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. जाड खवले मऊ करायला आंघोळीआधी तासभर लावून धुऊन टाकलं तर गोष्ट वेगळी. शिकेकाई आणि रिठा तेल काढतात, तेवढ्यापुरतं डोकं हलकं वाटतं. बुरशी आवरायला तेवढं पुरत नाही. आणि खाजवून सोललेल्या डोक्यावर लिंबू पिळण्याचा सल्ला ज्याने प्रथम दिला, त्याने तो स्वतःवर करून पाहिला नसावा.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. महिन्याभरात डोकं स्वच्छ होतं आणि बाटली कपाटात जाते. बुरशी पूर्ण घालवता येत नाही. तेल आहे तोवर ती परत वाढणार. शेतात एकदा खुरपणी केली म्हणून पुढच्या पावसात तण उगवायचं थांबत नाही, तसंच हे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५७५ रुग्णांनी आठवड्यातून दोनदा किटोकोनॅझोल शाम्पू वापरला आणि ८८ टक्क्यांना उत्तम गुण आला. त्या बऱ्या झालेल्यांपैकी काहींना पुढचे ६ महिने आठवड्यातून एकदा औषधी शाम्पू दिला, काहींना आठवड्याआड, आणि काहींना औषध नसलेला. त्रास उलटला तो अनुक्रमे १९, ३१ आणि ४७ टक्के जणांत. आठवड्यातली एक आंघोळ इतका फरक पाडते.

झिंक पायरिथिऑनची युरोपात अलीकडे वेगळीच गत झाली. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून तिथे त्याची नोंद प्रजननाला घातक ठरू शकणाऱ्या पदार्थांत झाली, आणि १ मार्च २०२२पासून ते सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदी आली. धुऊन टाकायच्या शाम्पूत १ टक्का असेल तर धोका नाही, असं युरोपच्याच शास्त्रीय समितीचं मत होतं. पण तिथल्या कायद्यात अशा पदार्थाला सूट मिळायची तर दुसरा पर्याय नाही हे दाखवावं लागतं, आणि पिरोक्टोन ओलामाइनसारखे पर्याय होते. अमेरिकेत आणि भारतात ते अजून चालतं. परदेशी राहणाऱ्या नातलगाने पाठवलेल्या ओळखीच्या ब्रँडच्या बाटलीत औषध वेगळं निघालं, तर कारण बहुधा हे असतं.

चार आठवडे नीट वापरूनही फरक पडला नाही, तर बाटली बदलत बसू नये, निदान तपासून घ्यावं. केसांच्या रेषेबाहेर आलेले, ठळक कडांचे, चंदेरी खवले सोरायसिसचे असू शकतात. केस रंगवल्यानंतर दोन-तीन दिवसांत डोकं पेटलं असेल तर रंगाची ॲलर्जी असेल. शाळकरी मुलीच्या केसाला चिकटलेले, झटकून न पडणारे पांढरे ठिपके म्हणजे लिखा. पार्किन्सनचा आजार किंवा एचआयव्ही असलेल्यांत सेबोऱ्हिक डर्मटायटिस जास्त आणि जोरात दिसतो. लहान मुलाच्या डोक्यावर खवल्यांबरोबर केस तुटून टक्कल पडत असेल, तर तो डोक्यातला नायटा असण्याचा संभव मोठा. ती बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, तिथवर शाम्पू पोचत नाही. तिच्यासाठी डॉक्टर पोटातून घ्यायचं औषध कित्येक आठवडे देतात. औषधी शाम्पू त्यासोबत सांगतात तो घरातल्या इतर मुलांना तिची लागण होऊ नये म्हणून.