लाल मुंगीचं हिरवं नाव

नवतपा लागलाय. आलापल्लीच्या रानावरून येणारा वारासुद्धा भाजून निघतोय. अशा दुपारी झाडावर चढू नका म्हणून सकाळीच सांगितलं होतं. तरी थोरला पाडाच्या आशेनं आंब्यावर गेलाच, आणि लाल मुंग्यांनी त्याला दोन मिनिटांत खाली आणला. या रे, सगळेच ओसरीवर या. मानेवरची आग थांबेपर्यंत त्या मुंगीचीच गोष्ट ऐका.

हिला विंचवासारखी नांगी नाही, गांधीलमाशीसारखा डंखही नाही. ती आधी जबड्यानं कातडी धरते, मग पोट पुढे वळवते आणि त्या चाव्यावर आम्ल सोडते. तुझी मान चुरचुरतेय ती त्या आम्लानं. १६७१ साली इंग्लंडमध्ये जॉन रे नावाच्या माणसानं मुंग्या उकळून हे आम्ल वेगळं काढलं. लॅटिनमध्ये मुंगीला फॉर्मिका म्हणतात, म्हणून ते फॉर्मिक आम्ल. आपल्या भामरागडकडच्या माडिया बायांना त्या आंबटपणाची चव शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. उन्हाळ्यात घरटं उतरवायचं, मुंग्या आणि त्यांची पांढरी अंडी-पिल्लं मिरची-मिठासोबत पाट्यावर वाटायची. इंद्रावतीपलीकडे बस्तरच्या बाजारात हिला चापडा म्हणतात, आणि ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला २०२४ च्या जानेवारीत भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. तिकडे कोकणात गेलात तर हीच मुंगी ओंबील होते, कुठे हुमला होते. जेवढ्या बोली तेवढी नावं.

म्हणूनच जगभरच्या शास्त्रज्ञांनी हिचं एकच नाव धरलं आहे : इकोफिला स्मरॅग्डिना. पहिल्या शब्दात ग्रीक घर आहे आणि ग्रीक पान आहे, म्हणजे पानांचं घर. दुसऱ्याचा अर्थ पाचूची, पाचूच्या रंगाची.

धाकटे, तुझ्या कपाळावरची आठी दिसली मला. आंब्यावरच्या मुंग्या तर विटेसारख्या तांबूस आहेत, मग पाचू कुठला? मीही वनखात्यातल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी हेच विचारलं होतं, आणि उत्तर मिळायला मला बरेच पावसाळे लागले. तुला तेवढे लागायचे नाहीत.

आधी हे नाव कसं ठरतं ते बघू. आपल्याकडे गोंडाघरी सोयरीक निघाली की पहिला प्रश्न काय असतो? तुम्ही किती देवांचे? चार, पाच, सहा की सात? उत्तर मिळालं की समोरचा आपला भाऊबंद आहे की सोयरा, ते त्याचं तोंड न बघताही कळतं. प्राण्यांचं वर्गीकरणही तसंच, नातं सांगणारं. सगळ्या मुंग्यांचं एकच मोठं कूळ आहे, फॉर्मिसिडी. त्यात शाखा. ज्यांच्या कमरेला एकच गाठ आहे, ज्यांच्यात डंखच उरला नाही आणि ज्या त्याऐवजी आम्ल फवारतात, त्यांची शाखा फॉर्मिसिनी. गुळाच्या ढेपेला लागणारा आपला काळा मुंगळा हिच्याच शाखेतला, म्हणजे हिचा दूरचा चुलतभाऊ. तो जमिनीत बीळ करतो, ही झाडावर घर शिवते. पण कंबर दोघांची एकाच घडणीची.

शाखेच्या आत घराणं. इकोफिला हे घराणं ब्रिटिश म्युझियममधल्या फ्रेडरिक स्मिथनं १८६० साली वेगळं काढलं. घराणं लहान आहे. आज त्यात दोनच जाती जिवंत आहेत, एक आफ्रिकेतली आणि एक आपली. पण पूर्वी तसं नव्हतं. बाल्टिक समुद्राकाठी अंबर सापडतो, म्हणजे जुन्या झाडांचा गोठून दगड झालेला डिंक. त्यात याच घराण्याच्या मुंग्या अडकलेल्या मिळाल्या आहेत, सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या. जर्मनीच्या खडकांतही त्यांचे ठसे आहेत. तेव्हा युरोप उबदार होता, तिथे बारमाही हिरवी रानं होती. पुढे थंडी आली, रानं मागे सरली आणि त्यांच्याबरोबर हे घराणंही दक्षिणेकडे उरलं. आपण सिरोंच्याजवळ वडधमला गेलो होतो, तिथल्या दगड झालेल्या ओंडक्यांवर तुम्ही हात फिरवला होता, आठवतं? ती झाडं डायनोसॉरच्या काळातली. ती उभी होती तेव्हा त्यांच्यावर चढायला ही मुंगी अजून जन्माला यायची होती.

आता घर बघा. उठू नका, इथूनच दिसतं. त्या खालच्या फांदीवर पानांचा नारळाएवढा गोळा आहे, तो. पान वाकवायला एक मुंगी पुरत नाही. दहा-वीस जणी पानाच्या काठावर ओळीनं उभ्या राहतात, जबड्यानं शेजारचं पान धरतात आणि मागे रेटतात. फट मोठी असेल तर एकीची कंबर दुसरी धरते, दुसरीची तिसरी, अशी साखळी होते. पानं जवळ आली की आतून दुसरी टोळी येते, आणि तिच्यातल्या प्रत्येकीच्या तोंडात एक पांढरी अळी असते. मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही, ते अळीला येतं. मग ती मुंगी अळीला धोट्यासारखी या पानावरून त्या पानावर नेते, मिशांनी थोपटते, आणि अळी प्रत्येक टेकीला रेशमाचा धागा सोडते. मागावर बसलेला कोष्टी पाहिला आहे ना तुम्ही? हुबेहूब तसं.

हे वाचलं तेव्हापासून माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. रेशीम काढणाऱ्या पुष्कळ कीटकांची अळी ते स्वतःच्या कोशासाठी राखून ठेवते. या मुंगीची अळी ते सगळं घराला देऊन टाकते. कोशात जायची वेळ येते तेव्हा तिच्याजवळ धागा उरलेला नसतो, म्हणून तिचा कोश उघडाच राहतो, पानांच्या त्या घरात. एकेका वसाहतीची अशी कितीतरी घरं असतात, कधी एका झाडावर, कधी शेजारच्या दहा झाडांवर. मुंग्या लाखांच्या घरात, पण अंडी घालणारी राणी बहुधा एकच. आणि ऑस्ट्रेलियात असं दिसलं आहे की सीमेवरच्या घरट्यांत वसाहतीतल्या म्हाताऱ्या मुंग्या राहतात. शेजारच्या वसाहतीशी झुंज लागली की आधी त्या पुढे होतात. पिल्लं सांभाळायला आत वेगळ्या, लहान चणीच्या मुंग्या असतात, त्या बाहेर फारशा दिसतच नाहीत.

अशा घराला पानं लागतात, तीही ओली, वाकणारी आणि वर्षभर टिकणारी. ही मुंगी कुठे राहते आणि कुठे नाही, याचं उत्तर इथेच आहे. कोकणात आहे, सह्याद्रीच्या घाटात आहे, आणि इकडे पूर्वेला आपल्या रानात आहे. राजस्थानच्या वाळवंटात नाही. आपलं रानही उन्हाळ्यात निम्मं उघडं पडतं. सागाचं पान सुपाएवढं, पण मे महिन्यात साग उभा असतो तो नुसत्या काटक्यांचा. म्हणून मी बीटावर फिरायचो तेव्हा उन्हाळ्यातली घरटी मला सागावर नाही, तर नाल्याकाठच्या जांभळावर, करंजावर, गावाजवळच्या आंब्यावर दिसायची. ताडोबाकडेही तसंच. जिथे पाण्याची ओल आणि हिरवं छत्र, तिथे ही.

इथून पूर्वेकडे चालत सुटलात तर ही मुंगी तुमची पाठ सोडणार नाही. छत्तीसगड, ओडिशा, बंगाल, ब्रह्मदेश, थायलंड, इंडोनेशियाची बेटं, न्यू गिनी, आणि शेवटी उत्तर ऑस्ट्रेलिया. १७७० साली कॅप्टन कुकच्या एंडेव्हर जहाजावर जोसेफ बँक्स नावाचा निसर्गप्रेमी होता. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर त्याला झाडांवर पानं चिकटवून राहणाऱ्या मुंग्या चावल्या, आणि त्यानं रोजनिशीत त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं. त्या हिरव्या होत्या! तिकडच्या कामकरी मुंगीचं पोट खरोखरच हिरवं असतं. जात एकच, पण इथे तांबडी आणि तिथे हिरवी.

जपानी संशोधकांनी २००२ आणि २००६ मध्ये ठिकठिकाणच्या या मुंग्यांची जनुकं ताडून पाहिली. त्यांना सात गट मिळाले. बंगाल सोडून बाकीच्या भारतातल्या मुंग्यांचा एक गट. बंगालपासून पुढे आग्नेय आशियाचा दुसरा. फिलिपिन्स, इंडोनेशियाची काही बेटं आणि ऑस्ट्रेलिया-न्यू गिनी यांचे वेगवेगळे. मधला समुद्र कधी उथळ झाला, कधी खोल, त्याप्रमाणे मुंग्यांची नाती जुळली आणि तुटली. म्हणजे तुला चावली ती मुंगी नात्यानं कोकणातल्या ओंबिलीच्या जवळची, आणि कलकत्त्याच्या मुंगीपासून जरा दूरची. दिसायला मात्र तिन्ही सारख्याच.

तर मग, धाकटे, तू म्हणशील की हिरव्या ऑस्ट्रेलियन मुंगीवरूनच नाव पडलं असणार. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं. पण तसं नाही. योहान फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञानं १७७५ साली पुस्तकात जिचं वर्णन केलं, ती मुंगी आपल्या भारतातली होती. कोणत्या गावची, कोणत्या झाडावरची, ते त्यानं लिहिलं नाही. त्या काळी तेवढं कोणी लिहीतही नसे. पुढे ते काम आमच्याच खात्यातल्या लोकांनी मनावर घेतलं. मुंबई इलाख्यातला वनाधिकारी रॉटन यानं १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या मुंग्यांवर लिहिलं, आणि ब्रह्मदेशात वनखात्यात राहिलेल्या बिंगहॅमचा भारतातल्या मुंग्यांवरचा जाडजूड ग्रंथ १९०३ साली आला. रान तुडवणारी माणसं होती ती, म्हणून मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

पण पाचू? तो मला पुस्तकात नाही सापडला. थांबा, मृग लागू द्या.

*

काल रात्री पाऊस झाला. मातीचा वास उठला, आणि ओसरीच्या दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची गर्दी झाली. त्यात वाळवीही होती आणि भुंगेरेही. सकाळी झाडायला उठलेल्या तुमच्या आजीनं मला हाक मारली. धाकटे, ये, इकडे बघ. हात लावू नकोस, नुसतं बघ.

ही बोटाच्या पेराहून थोडीशी लहान आहे ना? आंब्यावरच्या मुंगीच्या दुप्पट लांब, आणि पोट जाडजूड. पंख अजून अंगावर आहेत, थोड्या वेळानं ती ते स्वतःच टाकून देईल. ही राणी. काल रात्री तिचं लग्नाचं उड्डाण झालं. अशा शेकडो जणी उडाल्या असतील. पाखरांनी, पालींनी आणि आपल्या त्या बेडकानं बहुतेक संपवल्या असतील. फॅब्रिशियसच्या समोर अशीच एक राणी आली होती.

आता तिला उन्हात धर. नाही, कागदावर घेऊन धर.

दिसला रंग?

चल, तिला जांभळाच्या पानावर सोडून येऊ. खालचं पान नको, तिथे जुन्या वसाहतीच्या पहारेकरणी फिरतात. पलीकडचं ते कोवळं, थोडं दुमडलेलं पान आहे, त्याच्या मागच्या बाजूला ठेव. तिला मदतीला अजून कोणी नाही. पहिली अंडी घालून पहिल्या मुलींना एकटीनंच वाढवायचं आहे तिला.