इन्व्हर्टर आहे, मग वेगळी बॅटरी कशाला?

हॅम, म्हणजे हौशी बिनतारी रेडिओवाल्यांनी पावसाळ्याआधी बारा व्होल्टचे दिवे थेट बॅटरीवर जोडून ठेवावेत, असं म्हटलं की राजापुरात हमखास उत्तर येतं: ‘घरात इन्व्हर्टर आहे ना!’ हे ऐकून आता खरोखर वैताग येतो. घरगुती इन्व्हर्टर चार-सहा तासांची लाइट गेली तर उपयोगी पडतो. वादळातली लाइट चार तासांत येत नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा दापोली-मंडणगडातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा विजेपाठोपाठ मोबाइलही बंद पडले. हॅमची गरज लागते ती अशाच वेळी, आणि रात्री निरोप टिपून घ्यायला त्याला टेबलावर उजेड लागतो.

जरा हिशेब करू. १५० अँपिअर-अवरच्या बारा व्होल्टच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. लेड-ॲसिड बॅटरी वरचेवर निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून हाताशी ९०० धरा. आता इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला, एकही दिवा लावला नाही, तरी तो स्वतःसाठी वीज खातो. ती १५ वॅट धरली तर दिवसाचे ३६० वॅट-तास झाले. म्हणजे अडीच दिवसांत ९०० संपले, तेही उजेड न पाडता! उलट पाच वॅटची एलईडी पट्टी थेट बॅटरीवर रात्री दहा तास लावली तर खर्च ५० वॅट-तास. त्याच ९०० मध्ये दिव्याच्या अठरा रात्री निघतात. त्यातल्या काही सोडून द्या आणि वाचलेली वीज रेडिओला द्या.

दुसरं कारण हॅमला तरी सांगावं लागू नये. इन्व्हर्टर बॅटरीच्या डीसीचा २३० व्होल्ट एसी करतो आणि एलईडी बल्ब त्याचा पुन्हा डीसी करतो. दोन्हीकडे वेगानं चालू-बंद होणारं सर्किट असतं. स्वस्त मालात फिल्टर धड नसतो, आणि मग ७ मेगाहर्ट्झवर नुसती खरखर ऐकू येते. लांबच्या स्टेशनचा क्षीण आवाज त्यात बुडतो. साध्या बारा व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर, एवढंच असतं. त्यातून खरखर येत नाही. तिला डिमर मात्र लावू नका, बहुतेक डिमर तीच खरखर परत आणतात.

इन्व्हर्टरखेरीज आणखी काही गैरसमज नेहमी ऐकू येतात. ‘गाडीची जुनी बॅटरी चालेल.’ ती काही सेकंद मोठा करंट देऊन इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली असते; रात्रभर हळूहळू उतरवली तर लवकर मरते.

‘मीटर बारा व्होल्ट दाखवतो, म्हणजे भरलेली आहे.’ नाही. काही तास स्वस्थ ठेवलेली भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. बारावर आली म्हणजे जवळपास रिकामी.

‘सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते.’ हल्लीच्या प्लॅस्टिकच्या डब्यात असं काही होत नाही. तरी राजापूरच्या बाजारपेठेत ती उंचावरच ठेवा, कारण अर्जुना-कोदवली नद्यांच्या पुराचं पाणी दुकानांत शिरतं.

‘आणीबाणीत परवाना लागत नाही.’ लागतो. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते, आणि ती बाराव्या वर्षापासून देता येते. ऑनलाइन मागवलेला वॉकी-टॉकी हातात आला म्हणून कुणी हॅम होत नाही.

‘बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, फ्यूज कशाला?’ शॉक लागत नाही हे खरं, पण तारा एकमेकींना टेकल्या तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि तार लाल होऊन पेटते. लाकडी माळ्याच्या घरात हे अजिबात परवडणारं नाही. फ्यूज प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत बसवा. पट्टीजवळ बसवलात तर मधली सगळी तार उघडीच राहते.