चुका सुधारणारे बंध

मिठाचे द्रावण सावकाश आटवून खडे मिळवण्याचा प्रयोग आपण वर्गात केला असेल. वाढत्या खड्यावर आयन येऊन बसतात, जागा चुकली तर सुटून पुन्हा द्रावणात जातात. या ये-जा करण्यामुळेच खडा सुबक होतो.

सेंद्रिय रेणू सहसंयुज बंधांनी जोडताना ही सोय नसते. बंध बळकट, एकदा जुळला की जुळला, मग वाकडा का असेना! बेकेलाइटच्या बटणात म्हणूनच रेणूंचे वेडेवाकडे जाळे असते. अशा बंधांचे, एकसारख्या छिद्रांचे स्फटिकी जाळे विणणे फार कठीण मानले जाई.

ते २००५ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात ओमर याघी, एड्रियन कोटे व सहकाऱ्यांनी विणले. (याघी यांना २०२५ चे नोबेल इतर दोघांसह मिळाले, ते याच्या चुलत भावंडासाठी, धातू-सेंद्रिय जाळ्यांसाठी.) त्यांच्या रेणूत बेंझिनच्या कड्याला समोरासमोर दोन बोरॉनिक आम्ल गट होते. असे तीन गट एकत्र आले की बोरॉन-ऑक्सिजनचे षटकोनी कडे बनते आणि पाण्याचे तीन रेणू सुटतात. मिश्रण विद्रावकासह काचनळीत बंद करून १२० अंश सेल्सिअसला ७२ तास ठेवले.

नळी बंद का? एरवी अभिक्रिया पुढे जावी म्हणून आपण पाणी काढून टाकू. इथे ते आतच हवे, कारण चुकलेला बंध तेच तोडते आणि सुटलेला तुकडा पुन्हा जुळून पाहतो. अखेर मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी छिद्रांचे थर एकावर एक रचलेली पूड मिळाली. तिच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ ७११ चौरस मीटर, म्हणजे पाच कबड्डी मैदानांहून अधिक!

गोम अशी, की चुका सुधारणारे हेच पाणी तयार जाळेही उसवते. दमट हवेत न टिकणाऱ्या पदार्थात वायू साठवणार कसा?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये यावर तोड काढली. शिंपी आधी धावदोरा घालतो, माप जुळल्यावर पक्की शिवण मारतो, तसे. त्यांनी अल्डिहाइड व अमाइन जोडले. ही जोडणी उलटही फिरते, म्हणून जाळे नीट लागते. मग ऑक्सिजनवरचा हायड्रोजन शेजारच्या नायट्रोजनवर सरकतो आणि हा बदल परत फिरत नाही. बाकीचे अणू फारसे हलत नसल्याने नक्षी टिकते. यातला एक पदार्थ ९ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लातही टिकला.

२०१३ मध्ये याच गटाने असे पदार्थ नेहमीच्या तापमानाला, विद्रावकाशिवाय, चक्क खलात घोटून बनवले. मात्र घोटताना थर सुटे होतात, स्फटिकी ठेवण उणी राहते आणि पृष्ठफळ बरेच घटते.