नवा संगणक आला, जुनी वही उघडेना!

घर बदलताना भांडीकुंडी, धान्याचे डबे सगळे आपण मोजून नेतो. संगणक बदलताना मात्र ‘दुकानातला मुलगा बघेल’ म्हणून निर्धास्त राहतो. मग पुढे काय होते, ते आमच्याच मंडळाच्या अनुभवावरून सांगते.

आमच्या महिला मंडळाचे छोटेसे वाचनालय आहे. १९९७ साली एका भगिनीच्या मुलाने फॉक्सप्रोमध्ये सभासदांची नोंदवही करून दिली. नाव, पत्ता, अनामत, शेरा, सारे त्यात. पुढे कागदी रजिस्टरला वाळवी लागली आणि हीच एक वही उरली. जुना संगणक कुरकुरू लागला तेव्हा वर्गणी काढून नवा घेतला. मुलाने ‘कामाच्या तेवढ्या’ फाइली उतरवून दिल्या. पण सुरू करायला जावे तर पडद्यावर निरोप : हा प्रोग्रॅम या संगणकावर चालू शकत नाही!

त्याच आठवड्यात आमच्या एक ज्येष्ठ सभासद आल्या. कायमच्या मुलाकडे नाशिकला निघालेल्या. “पावती सापडत नाही गं, पण तुमच्या मशीनमध्ये असेल ना माझी अनामत?” आता काय सांगायचं? रक्कम शंभर रुपयांची. पण अशा किती जणींचे पैसे आपल्यापाशी! मुलगा म्हणाला, “मावशी, जुनं सोडा, नव्याने टाइप करून घ्या.” अहो, पण कशावरून? आणि जुना संगणक तर भंगारवाल्यासाठी दारात काढून ठेवलेला. नशीब आमचे, त्या दिवशी तो फिरकला नाही.

बिघाड कुठे असतो?

नवा संगणक खराब नसतो आणि जुनी माहितीही गेलेली नसते. डॉसच्या काळातले प्रोग्रॅम १६ बिटांचे. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये त्यांच्यासाठी एक वेगळी खोली राखलेली असे. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ती खोलीच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांचेच येते. तेव्हा पुन्हापुन्हा इन्स्टॉल करून किंवा संगणक फॉरमॅट करून काहीही साधत नाही. तसे कोणी सुचवले तर स्पष्ट ‘नको’ म्हणा.

आधी हे करा

जुना संगणक सुरू होतो आहे तोवर प्रोग्रॅमचा अख्खा फोल्डर उतरवून घ्या. पडद्यावरचे चित्र उचलू नका. ती नुसती दुकानाची पाटी, माल आतल्या फोल्डरात असतो. फॉक्सप्रोचा स्वतःचा फोल्डर वेगळा असेल तर तोही घ्या. दोन पेनड्राइव्हवर दोन प्रती करा आणि एक दुसरीच्या घरी ठेवा.

अख्खा फोल्डर का? डीबीएफ फाइलीत मुख्य नोंदी असतात, एफपीटी फाइलीत शेऱ्यासारखा लांबलचक मजकूर आणि सीडीएक्स म्हणजे अनुक्रमणिका. अनुक्रमणिका पुन्हा बनवता येते. पण एफपीटी हरवली तर तो मजकूर गेलाच म्हणायचा. आमच्या मुलाने नेमकी तीच मागे ठेवली होती!

मग उघडायचे कसे?

नुसत्या नोंदी पाहायच्या असतील तर लिबरऑफिस हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या ‘कॅल्क’मध्ये डीबीएफ फाइल तक्त्यासारखी उघडते. प्रत उघडा, मूळ फाइलीला हात लावू नका.

प्रोग्रॅमच चालवायचा असेल तर डॉसबॉक्स घ्या. हेही फुकट. नव्या संगणकात ते जणू एक जुना संगणक थाटते. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी केलेले, त्यात छपाईची सोय नाही. पावत्या छापायच्या तर डॉसबॉक्स-एक्स बरे. फोल्डरचे नाव पूर्वीचेच ठेवा, कारण पुष्कळदा ते प्रोग्रॅमच्या आत लिहिलेले असते. आणि एका वेळी एकीनेच काम करा. दोघींनी एकच फाइल उघडली तर नोंदी बिघडू शकतात.

सुरू होताच ‘शून्याने भागाकार’ अशी चूक दिसली तर घाबरू नका. जुने काही प्रोग्रॅम आरंभी संगणकाचा वेग मोजतात. नवा इतका चपळ, की लागलेला वेळ शून्य भरतो आणि गणित अडते. डॉसबॉक्समध्ये वेग कमी करता येतो. तो कमी केला की काम होते.

तुमची यादी ॲक्सेस ९७ मधली असेल तर गोष्ट निराळी. ॲक्सेस २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या ती उघडत नाहीत. कोणाकडे २०१० ची आवृत्ती असेल तर तिच्यातून नव्या स्वरूपात बदलून आणा. आणि मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरे दिसली तर बहुधा जुना फॉन्ट नसतो. तो जुन्या संगणकातून आणून बसवला की नावे पुन्हा वाचता येतात.

शेवटी ताळा

उघडले म्हणजे झाले, असे समजू नका. एकूण सभासद किती, अनामतीची बेरीज किती, हे जुन्या आणि नव्या दोन्ही संगणकांवर पाहा. चार-पाच नावे हाताशी असलेल्या पावत्यांशी पडताळा. जुळले, की यादी कागदावर छापून फाइलीला लावा आणि सवडीने नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्या. तोवर जुना संगणक माळ्यावर राहू द्या. त्याची अडचण होत नाही.

आम्ही दारातला संगणक पुन्हा आत घेतला, अख्खा फोल्डर उतरवला, आणि तिसऱ्या दिवशी वही उघडली. त्या बाईंची नोंद होती १९९८ सालची, अनामत रुपये शंभर, आणि शेऱ्यात ‘पावती दिली’. पैसे हातात ठेवले तेव्हा त्या म्हणाल्या, “मला ठाऊक होतं, तुमच्याकडे हिशेब हरवायचा नाही.”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. किती थोडक्यात वाचलो, ते आमचं आम्हालाच ठाऊक!